डिकीतला जंप स्टार्टर

बाबांनी एकतीस वर्षं माल नाकारण्याची नोकरी केली. सैन्याकडे जाणारे बूट, तंबू, केबल, कांबळी यांचे नमुने त्यांच्या टेबलावर यायचे आणि बाबा त्यांत खोट शोधायचे. खोट सापडली नाही तर ते बेचैन व्हायचे. बिनखोटीचा माल असतो यावर त्यांचा विश्वासच नव्हता. सापडली नाही म्हणजे आपण नीट पाहिलं नाही, असा त्याचा अर्थ. निवृत्तीनंतर टेबल गेलं, नजर मात्र घरी आली. भाजीवाल्याकडचा कांदासुद्धा ते बोटांत फिरवून बघतात.

आम्ही तिघं दिल्लीत आर. के. पुरमला माझ्या सरकारी क्वार्टरमध्ये राहतो. मी उत्तरा, एका मंत्रालयात सेक्शन ऑफिसर. आई अलकनंदा, आणि बाबा विनायकराव. तीन वर्षांपूर्वी बाबांनी एका निवृत्त होणाऱ्या सहकाऱ्याकडून हायब्रिड गाडी घेतली. डिझेलवर सरकार कधी बंदी आणेल सांगता येत नाही, निव्वळ बॅटरीची गाडी कधी रस्त्यात थांबेल सांगता येत नाही, तेव्हा दोघांवर अर्धा अर्धा अविश्वास ठेवून त्यांनी मधली निवडली.

या गाडीत दोन बॅटऱ्या असतात. एक मोठी, चाकं फिरवणारी. दुसरी नेहमीसारखी बारा व्होल्टची, डिकीत एका कोपऱ्यात. ही छोटी गाडीला फक्त जागं करते. पण तीच उतरली तर मोठी कितीही भरलेली असो, गाडी डोळे उघडत नाही. हे आम्हाला गुलाबरावांनी समजावलं होतं. गुलाबराव फौजेत गाड्या दुरुस्त करायचे. मूळचे कोरेगावकडचे, पण निवृत्तीनंतर दिल्लीतच राहिले आणि आमच्या शेजारच्या मोहम्मदपूरच्या गल्लीत त्यांनी गाड्यांच्या वायरिंगचं दुकान टाकलं. बाबांची आणि त्यांची ओळख बावीस वर्षांची. रविवारी सकाळचा चहा बाबा त्यांच्या दुकानातल्या बाकावर घ्यायचे. बाबा कोणाबद्दल चांगलं बोलत नाहीत; गुलाबरावांबद्दल ते काहीच बोलत नसत, आणि आमच्या घरात ते प्रशस्तिपत्रकच होतं.

फेब्रुवारीत गाडीची छोटी बॅटरी संपली. जुनीच होती. गुलाबरावांनी नवी बसवली. मार्चमध्ये कोणीतरी गाडीच्या दारावर ओरखडा काढला. बाबांचा संशय वरच्या मजल्यावरच्या शेजाऱ्यावर गेला, आणि पुरावा मिळावा म्हणून त्यांनी करोलबागेतून काचेमागे कॅमेरा बसवून आणला. गाडी उभी असतानाही चित्रण चालू ठेवणारा. शेजारी काही सापडला नाही. बाबा रोज सकाळी फोनवर मांजरांच्या हालचाली बघत बसायचे.

एप्रिलमध्ये नवी बॅटरी उतरली. गुलाबराव आले, केबल लावून गाडी चालू करून दिली. आठ दिवसांनी पुन्हा तेच. दोन महिन्यांच्या बॅटरीला काय झालं, हा प्रश्न बाबांनी गुलाबरावांना विचारला नाही, स्वतःला विचारला. उत्तरही स्वतःच दिलं. बॅटरी नवी नसणार. जुन्यावर नवं स्टिकर चिकटवून बसवली असणार.

"बाबा, गुलाबराव काका असं करतील?" मी म्हटलं.

"असं करणारे सगळे कोणाचे तरी काकाच असतात," बाबा म्हणाले.

गुलाबरावांनी गाडी दोन दिवस दुकानात ठेवायला सांगितली होती. नेण्याआधी बाबांनी दोन गोष्टी केल्या. माझ्या मरून नेलपॉलिशचा एक थेंब बॅटरीच्या खालच्या कडेला लावला. आणि गुलाबराव घरी आले तेव्हा काढला होता तसाच कॅमेरा काढून कपाटात ठेवला. आपण पाळत ठेवतोय हे गुलाबरावांना कळलं तर वाईट दिसेल, एवढा संकोच त्यांना होता.

दोन दिवसांनी मी आणि बाबा गाडी आणायला गेलो. गुलाबरावांनी सांगितलं की सगळी वायरिंग मीटर लावून तपासली, करंट कुठे गळत नाही, आता बघू काय होतंय. बाबांनी मग सहज विचारल्यासारखं विचारलं, की एखादा जंप स्टार्टर घेऊन ठेवावा का. म्हणजे तो वहीएवढा डबा, ज्याचे चिमटे लावले की उतरलेली गाडी चालू होते.

"घ्या की. पण लहानसा, चांगला घ्या," गुलाबराव म्हणाले. "तुमच्या गाडीला इंजिन फिरवायचं नसतंय, नुसतं जागं करायचं असतंय. हजार-दोन हजार अँपिअरचं काय काम नाही. उलटे चिमटे लागले तर करंट तोडणारा बघा, ते महत्त्वाचं. आणि गाडीत ठेवू नका साहेब, दिल्लीच्या उन्हानं फुगतो. घरी ठेवा, जाताना बरोबर घ्या."

घरी आल्यावर बाबांनी डिकी उघडली, बॅटरीवरचं झाकण काढलं आणि विजेरीच्या उजेडात बराच वेळ वाकून राहिले. थेंब नव्हता. त्यांनी बोट फिरवून पाहिलं, मला पाहायला लावलं. कड स्वच्छ होती.

"बदलली," ते म्हणाले. त्यांच्या आवाजात राग नव्हता. मला आठवतं, मला त्यात एक प्रकारचं समाधान ऐकू आलं, आणि ते मला आवडलं नाही.

आई म्हणाली, जाऊन विचारा. बाबा म्हणाले, विचारलं की माणूस सावध होतो. त्या रविवारपासून ते दुकानात चहाला गेले नाहीत. गुलाबरावांनी दोनदा फोन केला. बाबांनी उचलला नाही. तिसऱ्यांदा त्यांनी केला नाही.

आता कोणावरच अवलंबून राहायचं नाही, असं ठरवून बाबा जंप स्टार्टर निवडायला बसले. हे काम तीन आठवडे चाललं. गुलाबरावांचा सल्ला त्यांनी आधी उलटा करून घेतला. लहान घ्या म्हणतो, म्हणजे तो वेळेला चालू नये. गाडीत ठेवू नका म्हणतो, म्हणजे वेळेला तो जवळच नसावा. मग आपण फोन कोणाला करणार? त्यालाच. बाबांनी हे आईला इतक्या शांतपणे समजावलं की क्षणभर तिलाही ते पटल्यासारखं झालं.

फोनवर दिसणाऱ्या प्रत्येक डब्याची त्यांनी वहीत नोंद केली. ग्राहकांची मतं वाचली आणि तीन वेगवेगळ्या नावांखाली एकच वाक्य, एकाच चुकीच्या स्पेलिंगसह सापडलं. एका विक्रेत्याचा पत्ता लक्ष्मीनगरचा होता. बाबा मेट्रोनं तिथे जाऊन आले. त्या पत्त्यावर सीएच्या परीक्षेचे क्लास चालले होते. दोन डबे मागवले, एकावर दुसऱ्याच्या दुप्पट ताकद लिहिली होती. आईच्या स्वयंपाकघरातल्या काट्यावर ठेवले तर दोघांचं वजन सारखं भरलं. एकाचं लेबल त्यांनी गरम वाफेवर धरून सोडवलं, तर खाली आणखी एक लेबल निघालं, कमी आकड्याचं. दोन्ही परत गेले.

"यार बाबा, कुठला तरी एक घ्या ना," मी म्हटलं.

"खोट नसलेला मिळाला की घेतो."

शेवटी त्यांनी काश्मिरी गेटच्या बाजारातून सगळ्यांत मोठा आणला. विटेएवढा जड. दुकानदाराला त्यांनी तो समोर उघडून, भरून, चालवून दाखवायला लावला, दुकानदार शेवटी हात जोडून म्हणाला, "अंकल, ले जाइए, बस।" तो बाबांनी डिकीत ठेवला. कॅमेरा पुन्हा काचेमागे गेला. वापर रोजचा होता म्हणून असेल, गाडी पुढचे काही दिवस नीट चालू होत राहिली.

मेच्या शेवटच्या शनिवारी आम्ही पानिपतला गेलो. आमच्या महाराष्ट्र मंडळाच्या सभागृहासाठी सतरंज्या घ्यायच्या होत्या आणि ते काम आईकडे होतं. सकाळी लवकर निघालो, साडेनऊला पोहोचलो. दुकान गल्लीच्या तोंडाशी होतं, गाडी दारातच उभी राहिली. मालकीणबाई पन्नाशीच्या, बोलायला मोकळ्या. आईची निवड अर्ध्या तासात झाली. पुढचे दोन तास बाबांचे. प्रत्येक सतरंजी उलगडायची, उजेडाकडे धरायची, कडा ओढून बघायच्या, मग घडी घालून स्वतः नेऊन डिकीत ठेवायची. दुसऱ्या कोणी ठेवली तर मधल्या मध्ये बदलेल. तेवढा वेळ डिकी उघडीच होती, तिचा दिवा जळत होता, आणि काचेमागचा कॅमेरा गल्लीचं चित्रण करत होता. तेव्हा याकडे कोणाचं लक्ष नव्हतं. शेवटची सतरंजी ठेवून बाबांनी डिकी लावली, गाडीला कुलूप लावलं, मालकीणबाईंच्या आग्रहाखातर आम्ही लस्सी प्यायला आत बसलो.

बाहेर आलो तर गाडी उघडेना. बाबांनी किल्लीचं बटण दाबलं, पुन्हा दाबलं, जवळ जाऊन दाबलं. काही नाही. ते म्हणाले, काही हरकत नाही, आपल्याकडे जंप स्टार्टर आहे. आणि मग त्यांचा हात तसाच राहिला. जंप स्टार्टर डिकीत होता, अठ्ठावीस सतरंज्यांच्या खाली. डिकीचं कुलूप विजेवर चालणारं. वीज नाही.

ऊन डोक्यावर आलं होतं. बाबा गाडीभोवती फिरले, चाकांपाशी वाकले, मग हलक्या आवाजात मला मराठीत म्हणाले की आपण आत लस्सी पीत असताना कोणीतरी काहीतरी केलंय. समोरचा पंक्चरवाला सारखा इकडेच बघतोय. पंक्चरवाला इकडे बघत होता, कारण एक म्हातारा गृहस्थ त्याच्या दुकानासमोर गाडीला प्रदक्षिणा घालत होता. बाबांना कॅमेऱ्यातलं चित्रण हवं होतं. फोनवर कॅमेरा लागत नव्हता.

आईनं कोणालाच न विचारता फोन लावला. गुलाबरावांनी पहिल्याच घंटेला उचलला.

"गुलाबराव, अलकनंदा बोलतेय," ती म्हणाली. "आम्ही पानिपतला अडकलोय." तिनं सगळं सांगितलं आणि फोन मोठ्या आवाजावर ठेवला. बाबा दोन पावलं लांब, पाठ करून उभे.

गुलाबरावांनी एकाही शब्दानं विचारलं नाही की साहेब फोन का उचलत नव्हते. त्यांनी कामाचं विचारलं. डिकीत नक्की काय आहे, दुकानात स्कूटर आहे का, जाड वायर मिळेल का. मग मला एक एक पायरी सांगितली. किल्लीच्या पोटात एक खटका असतो. तो दाबला की लोखंडाची छोटी किल्ली बाहेर निघते, ती ड्रायव्हरच्या दाराला लागते. मी ती काढली. किल्लीत किल्ली आहे हे बाबांना तीन वर्षांत माहीत नव्हतं. त्यांनी वळून पाहिलं. दार उघडलं, आतला खटका ओढून बॉनेट उघडलं. फ्यूजच्या पेटीत लाल टोपीखाली एक पितळी टोक होतं. मालकीणबाईंनी आपल्या स्कूटरची बॅटरी काढू दिली आणि जुन्या कूलरची वायर दिली.

"आता साहेबांच्या हातात द्या वायर," गुलाबराव म्हणाले. "त्यांचा हात चुकत नाही. लाल आधी, टोपीखाली. काळी इंजिनच्या उघड्या बोल्टवर. एवढ्याशा बॅटरीवर डिकीच उघडेल, गाडी नाही जागी व्हायची. घाई नको."

बाबांनी वायर घेतली. दोन्ही टोकं बरोबर जागी बसली. पाचेक मिनिटांनी मी डिकीचं बटण दाबलं आणि ती खट्कन उघडली. आम्ही सतरंज्या उपसल्या. तळाशी जंप स्टार्टर होता, हात लावला तर चटका बसेल इतका तापलेला, आणि त्याचा लाल दिवा लुकलुकत होता. चिमटे लावले तरी तो करंट देईना.

"तापलाय तो, स्वतःला वाचवतोय," गुलाबराव फोनवर म्हणाले. "कूलरपुढं ठेवा तासभर. थंड झाला की देईल. तोवर साहेबांना बसवा सावलीत."

आम्ही तो विटेएवढा डबा दुकानातल्या कूलरसमोर स्टुलावर ठेवला आणि त्याच्याभोवती बसलो. फोन अजून चालू होता. गुलाबरावांनी विचारलं, गाडीत काही नवीन बसवलंय का, दिवा, चार्जर, काही.

"नाही," बाबा म्हणाले. इतक्या वेळात त्यांनी गुलाबरावांशी बोललेला हा पहिला शब्द.

आईनं फोन आपल्याकडे ओढला. "कॅमेरा आहे, गुलाबराव," ती म्हणाली. "मार्चपासून. गाडी उभी असली तरी चोवीस तास चालतो. तुमच्याकडे गाडी आणताना हे तो काढून ठेवायचे."

पलीकडे मागे कुठेतरी हातोडीचा आवाज येत होता.

"बरं," गुलाबराव म्हणाले. "मग गळती मला कशी दिसणार." आणि पुढे, "त्याची वायर काढून ठेवा वहिनी. पोचल्यावर फोन करा."

तासाभरानं डबा थंड झाला. बाबांनी चिमटे लावले, गाडी चालू झाली. मालकीणबाईंच्या स्कूटरची बॅटरी परत बसवून आम्ही निघालो. वाटेतलं मुरथळ मागे पडलं. मग बाबा म्हणाले, "कॅमेऱ्याचं मान्य. पण खूण? खूण कुठे गेली?"

मला गाडी चालवताना बाबांवर ओरडायचं नव्हतं. मी एवढंच म्हटलं की उद्या रविवार आहे, स्वतः विचारा.

दुसऱ्या दिवशी मीच त्यांना घेऊन मोहम्मदपूरला गेले. गुलाबराव एका रिक्षाच्या मीटरमध्ये डोकं घालून बसले होते. बाबा बाकावर बसले नाहीत. उभ्यानंच त्यांनी विचारलं, अगदी कार्यालयात विचारतात तसं, की एप्रिलमध्ये गाडी दिली तेव्हा आतली बॅटरी बदलली होती का.

"बदलली होती," गुलाबराव म्हणाले.

त्यांनी हात पुसले, आमच्या गाडीची डिकी उघडली, बॅटरीवरचं झाकण काढून बाजूला ठेवलं आणि बाबांना बोटानं दाखवलं. बॅटरीच्या माथ्यावर, तारेच्या आड, तारीख ठोकलेली होती. ती एप्रिलची होती. फेब्रुवारीत बसवलेल्या बॅटरीवर एप्रिलची तारीख असू शकत नाही. बाबांनी चष्मा वर केला, खाली केला. आयुष्यभर ठोकलेले शिक्के वाचलेल्या माणसानं कडेचा थेंब शोधला होता आणि माथ्यावरची तारीख पाहिली नव्हती.

वायरिंगमध्ये काही सापडेना, तेव्हा दोष बॅटरीतच असणार असं गुलाबरावांना वाटलं होतं. कंपनीकडे पाठवून महिनाभर वाट बघायची आणि साहेबांना गाडीशिवाय ठेवायचं, हे त्यांना बरं वाटलं नाही. म्हणून दुकानात त्याच दिवशी आलेली नवीकोरी बॅटरी त्यांनी आमच्या गाडीत बसवली आणि आमची आपल्या नावानं कंपनीकडे पाठवली.

"मग सांगितलं का नाही?" बाबा म्हणाले.

गुलाबराव रिक्षाकडे परत गेले होते. तिथूनच, मान वर न करता, ते म्हणाले, "सांगणारच होतो साहेब. बॅटरी काढली तर खाली तांबडा थेंब दिसला. कशाला लावलाय ते कळलं. मग सांगावंसं वाटलं नाही."

गल्लीत कोणीतरी हॉर्न वाजवत होतं. बाबा तिथेच उभे राहिले. मी त्यांना कधी माफी मागताना पाहिलं नाही. आईकडेही नाही, माझ्याकडेही नाही. त्यांना ते येत नाही.

"मी चुकलो, गुलाबराव," ते शेवटी म्हणाले. "कॅमेरा लपवला तेही चुकलं."

गुलाबरावांनी मान हलवली. हो म्हणून की राहू द्या म्हणून, ते मला कळलं नाही. गाडी जरा पुढे घ्या, मागची रिक्षा अडलीय, एवढंच ते म्हणाले. त्या दिवशी चहा मागवला गेला नाही.

जून गेला, जुलै गेला. बाबा रविवारी दुकानात जायचे, दहा मिनिटं उभे राहून परत यायचे. जाताना कधी आईनं केलेली चकली न्यायचे. गुलाबराव ती घ्यायचे, बसा म्हणायचे नाहीत. बाबा घरी येऊन काही सांगायचे नाहीत, आणि मी विचारायचं बंद केलं होतं.

ऑगस्टमध्ये एका संध्याकाळी गुलाबराव स्वतः आमच्या दारात आले. हातात कागदांची जाड फाइल. त्यांनी नोएडाच्या एका सेक्टरमध्ये नव्या इमारतीत फ्लॅट घ्यायचं ठरवलं होतं; बिल्डरनं चांगले रंगीत कागद दिले होते, माणूस गोड बोलणारा होता, आणि सही पुढच्या आठवड्यात करायची होती. आईनं पाणी आणलं. गुलाबराव सोफ्याच्या टोकाशी बसले आणि त्यांनी फाइल बाबांच्या पुढे केली.

"मला काय खोट दिसत नाही यात," ते म्हणाले. "म्हणून आलो. जरा संशय घेऊन बघता का साहेब?"

बाबांनी फाइल घेतली, चष्मा पुसला आणि पहिलं पान उजेडाकडे धरलं.

रविवारी बाबा, गुलाबराव आणि मी नोएडाला गेलो, मी गाडी चालवत होते. चौदाव्या मजल्यावरच्या रिकाम्या फ्लॅटमध्ये बाबा प्रत्येक फरशीवर नाण्यानं टकटक करत, कान लावून ऐकत चालले होते. बिल्डरचा माणूस दारात घड्याळ बघत उभा होता. बाल्कनीपाशी एक फरशी पोकळ वाजली. बाबांनी ती पुन्हा वाजवली, मग गुलाबरावांना हाक मारली, आणि गुलाबराव गुडघे टेकून त्यांच्या शेजारी ऐकायला बसले.